दात बघून घ्यायची उपमा

बैलाचे दात बघायला शिकवणारा मराठीचा मास्तर मी माझ्या सगळ्या नोकरीत एकच पाहिला.

जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची एक शाळा होती. गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मी तिथं मुख्याध्यापक होतो. पोरं मला ‘मोठे गुरुजी’ म्हणायची आणि या मास्तरांना नुसतं ‘गुरुजी’. मोठेपणा माझ्या वाट्याला आला होता आणि माया त्यांच्या, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यांच्या सदऱ्याचे खिसे कायम फुगलेले असायचे. खिशात हिरडे, सापाची कात, मधाच्या पोळ्याचा वाळका तुकडा, नदीतला गोटा, काय वाटेल ते निघायचं. एकदा सही करायला वाकले आणि माझ्या टेबलावरच्या हजेरीपटावर खिशातून एक जिवंत खेकडा पडला. मी खुर्ची मागं सारून उभा राहिलो. गुरुजी शांतपणे म्हणाले, “वर्णनासाठी आणलाय, हेडसर. दुपारी ओढ्यात सोडतो.” तोवर खेकड्याने सोमवारची हजेरी ओली केली होती.

वर्णनात्मक लेखन हा त्यांचा जीव होता. गणित ते शिकवायचे, भूगोल उरकायचे, पण ‘आमचा गोठा’ किंवा ‘आठवडे बाजार’ असा विषय फळ्यावर लिहिला की बाह्या सरसावायचे. आणि तयार उपमांशी त्यांचं हाडवैर होतं. एका पोराने निबंधात लिहिलं, माझी बहीण चंद्रासारखी दिसते. गुरुजींनी त्याला उभं केलं.

“काल रात्री चंद्र बघितला का रे?”

“न्हाई गुरुजी. काल आवस व्हती.”

“मग काल बहीण दिसली न्हाई व्हय तुला?”

वर्ग हसला, पोरगंही हसलं. दुसऱ्या दिवशी त्याने नवं वाक्य लिहून आणलं. माझी बहीण नव्या कौलावाणी दिसती, आमच्या घरात तेवढीच ठळक. गुरुजी ते वाक्य घेऊन माझ्या खोलीत आले आणि नुकतंच जन्मलेलं वासरू दाखवावं तसं दाखवून गेले.

त्यांचा एकच नियम होता. ज्याच्याशी तुलना करायची ते स्वतः पाहिलेलं, नाहीतर हाताळलेलं, नाहीतर चाखलेलं असलं पाहिजे. ‘कापसासारखे ढग’ असं कुणी लिहिलं की ते विचारायचे, कापसाचं झाड कुणी पाहिलंय? आमच्या डोंगरात भात, नाचणी, वरई. कापूस कुणी पाहणार? मग सगळा वर्ग अंगणात जाऊन आभाळाकडे तोंड करून उभा राहायचा. शेवटी एक जण म्हणायचा की ताकावर लोणी यायला लागतं तसं दिसतंय, आणि वर्ग आत यायचा. हिरड्याची चव लिहायची तर आधी सगळ्यांनी हिरडा चावायचा. एक पोरगी थुंकत थुंकत म्हणाली, जिभेवर कुणीतरी गोणपाट टाकलंय. गुरुजींनी स्वतः तिला पाणी आणून दिलं.

खाली बाजाराच्या गावात एका शेठजींचं किराणा दुकान होतं. मारवाडातून पिढ्यांपूर्वी आलेलं घर, बोलणं आपल्यासारखंच. गुरुजींनी पोरांना सांगून ठेवलं की दुकानात वस्तूचं नाव न घेता वस्तू मागायची. पहिल्याच आठवड्यात शेठजींनी मला निरोप धाडला. मी गेलो तेव्हा ते हात जोडून म्हणाले, “मोठे गुरुजी, पोरं कोडी घालत्यात आन् मागं गिऱ्हाईक खोळंबतंय. सकाळी एक आलं आन् म्हनलं, काळ्या टोप्या घालून एका खोलीत झोपल्याली मानसं द्या. मी म्हनलं, बाबा, असलं दुकान माझं न्हाई.”

मी गुरुजींना समज दिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण काड्यापेटी दिली का त्याला?” दिली होती. पुढं पुढं शेठजीच पोरांना अडवू लागले. नुसतं गूळ म्हटलं की म्हणायचे, असं सरळ मागितल्यालं आमच्याकडं मिळत न्हाई.

माझ्या घरीही ते जेवायला यायचे. माझ्या बायकोच्या पिठल्याचा पहिला घास घेऊन एकदा डोळे मिटून बसले. मग म्हणाले, “वहिनी, आधी भांडून मग समजूत पटलेल्या माणसासारखं झालंय.” बायकोने त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा वाढलं नाही. चार दिवस ती त्यावर विचार करत होती. पाचव्या दिवशी म्हणाली, कौतुकच केलं असणार, तिखट होतं पण लागलं नाही. आणि पुन्हा पिठलं करून त्यांना बोलावणं धाडलं.

आता बैलाच्या दातांविषयी. बाकीच्या शाळांच्या सहली शिवनेरीला, लेण्याद्रीला जायच्या. आमची सहल गुरुजींनी बेल्ह्याच्या बैलबाजाराला काढली. एक पालक शाळेत येऊन बसला. म्हणाला, आमच्या गोठ्यात दोन बैल हाईत, ते बघा की, एवढ्या लांब जायाचं काय नडलंय. गुरुजी म्हणाले, बैल बघायला नाही चाललो, बैलाचं वर्णन करणारी माणसं ऐकायला चाललोय.

मीही बरोबर होतो. टेम्पोतून जनावरं उतरत होती, मोटारसायकलवरून व्यापारी येत होते, धुरळा उडत होता. एक म्हातारा व्यापारी आपल्या खोंडाला फिरवत गिऱ्हाइकाला सांगत होता, “चाल बघा राव, नवरदेवावाणी हाय. पाय टाकतोय फुडं आन् ध्यान समदं पावण्यांकडं.” गिऱ्हाईक हसलं, पण म्हाताऱ्याचं सगळं ऐकून झाल्यावर त्याने खोंडाचा ओठ वर करून दात पाहिलेच. गुरुजींनी तिथंच पोरांना थांबवलं.

“एवढं चांगलं वर्णन ऐकलं, मग दात कशाला बघितले?”

“वय कळतंय त्याच्यानं,” एक पोरगी म्हणाली.

“मग उपमेचं वय कशानं कळायचं?”

पोरं खोंडाच्या तोंडाकडे बघायला लागली. म्हाताऱ्या व्यापाऱ्याने मात्र गुरुजींकडे नीट पाहून घेतलं.

तिथून आल्यावर शाळेत नवी भाषा सुरू झाली. दुधाचे दात न पडलेल्या खोंडाला बाजारात ‘आदत’ म्हणतात, दोन दात आले की ‘दुसा’, आठही आले की ‘जुळला’. गुरुजी वह्यांत तसेच शेरे मारू लागले. ‘आदत. शाबास.’ ‘दुसा. चालेल.’ ‘जुळलेली. बदल.’ आणि चंद्र, कमळ, मोती दिसले की ‘दात पडलेत. सोडून दे.’

तपासणीला नवे विस्तार अधिकारी आले. वह्या चाळताना त्यांचा चेहरा बदलत गेला. हे काय आहे, त्यांनी मला विचारलं. मी चाचरलो. तेव्हा बेल्ह्याच्या बाजारात दातांचं उत्तर देणारी तीच चौथीतली पोरगी उभी राहिली. मनीषा तिचं नाव. म्हणाली, “सायेब, जुळल्याली म्हंजी म्हातारी न्हवं. तिला कामाला लावायचं, पर बाजारात मिरवायचं न्हाई.” साहेबांनी भेटवहीत लिहिलं, ‘पाहणी केली. पद्धत समजली नाही. मुले आनंदी आहेत.’ शेवटचं वाक्य गुरुजींनी मला तीनदा वाचायला लावलं.

इतकं सगळं हसतखेळत लिहिता येतं. पुढचं लिहायला मला वीस वर्षं लागली.

मनीषा सातवीत असताना एका संस्थेने तालुक्याची निबंध स्पर्धा ठेवली. विषय होता ‘माझी आई’. गुरुजींनी तिचा निबंध निवडला, वाचून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि माझ्याकडे दिला. कच्चा निबंध पक्क्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून पाठवायचा, ते काम मुख्याध्यापक म्हणून माझ्याकडे होतं. मी वाचतो, तू लिही, असं सांगून मी मनीषाला शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत बसवलं.

तिने लिहिलं होतं, ‘माझी आई मुक्कामाच्या एसटीसारखी आहे. आम्ही पेंगायला लागलो की ती येते आणि उजाडायच्या आत निघून गेलेली असते. पण ती येणार यावर सगळ्यांचा भरवसा असतो.’ तिची आई घाटाखाली दुसऱ्याच्या रानात कांदा काढायला जायची. पुढं होतं, ‘तिचा आवाज कढईत फोडणी पडल्यासारखा आहे. आधी दचकायला होतं, मग भूक लागते.’

मी ते वाचून दाखवलंच नाही. मी म्हणालो, लिही, ‘माझी आई म्हणजे वात्सल्याचा अथांग सागर आहे. तिचा आवाज कोकिळेसारखा मधुर आहे.’

तिचा पेन थांबला. “मोठे गुरुजी, आईचा आवाज कोकिळेवाणी न्हाई. लई मोठा हाय.”

“निबंधात मधुरच असतो,” मी म्हणालो.

तरी ती लिहीना. मग मी म्हणालो, “हा निबंध पुण्याची माणसं तपासणार. आईला एसटी म्हटलेलं बघून हसतील. तुझ्या आईला कुणी हसलेलं चालेल का तुला?”

तिने मान खाली घातली आणि मी सांगेन ते लिहिलं. अक्षर अन् अक्षर तिच्या हातचं. जाताना मी तिला बजावलं की गुरुजींना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल.

मी हे का केलं, त्याचं कारण आहे, पण ते सबब म्हणून सांगत नाही. मीही डोंगरातलाच. शिकायला जुन्नरला आलो तेव्हा वर्गात ‘व्हतं’ म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. त्या दिवसापासून मी माझ्या बोलण्याला इस्त्री करून ठेवली. आमच्या पोरांना कुणी हसू नये असं मला मनापासून वाटायचं. आणि हेही खरं की त्या निबंधावर शाळेचं, म्हणजे माझं, नाव जाणार होतं.

निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं.

जुन्नरच्या मंगल कार्यालयात समारंभ झाला. मनीषाने नवीन रिबिनी बांधून माइकसमोर निबंध वाचला. गुरुजी माझ्या शेजारी बसले होते. ‘सागर’ आला तेव्हा त्यांनी मान वर केली. कोकिळा आली तेव्हा ते आपल्या तळहातांकडे पाहू लागले. शेवटी टाळ्या मात्र त्यांनी सगळ्यांपेक्षा जास्त वाजवल्या.

परत येताना आम्ही खचाखच भरलेल्या वडापच्या जीपमध्ये बसलो, मनीषा आमच्या दोघांच्या मध्ये. तिच्या मांडीवर बक्षिसाची ढाल होती. घाट सुरू झाल्यावर गुरुजींनी मायेनेच विचारलं, “मनीषा, सागर कुठं बघितलास गं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

“टीव्हीवर, गुरुजी,” ती म्हणाली.

“बरं,” गुरुजी म्हणाले, आणि घरी पोहोचेपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

त्यानंतर त्यांचे खिसे हळूहळू सपाट झाले. पोरांनी विचारलं, बेल्ह्याला कधी जायचं. म्हणाले, आता बैल कमी येतात. एक दिवस मी वर्गावरून जात होतो तर फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘मुख – चंद्र, डोळे – कमळ, दात – मोती’, आणि पोरं मुकाट्याने उतरवून घेत होती. मला आत जाऊन सांगता आलं असतं. शिपायाला घंटा दे म्हणून सांगत मी पुढं गेलो. वर्ष संपताना त्यांनी बदलीचा अर्ज दिला. त्यावर ‘शिफारस आहे’ असं मी लिहिलं.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका वक्त्याने सांगितलं की लहरी शिक्षकाच्या प्रयोगांतून मुख्याध्यापकांनी मुलांना सावरलं आणि शाळेला बक्षीस मिळवून दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गळ्यातला हार सरळ केला. आजही आमच्याकडच्या जुन्या मास्तरांत ही गोष्ट अशीच सांगितली जाते. ती खोटी आहे, म्हणून हा खटाटोप.

आता मी मंचरला मुलाकडे असतो. मध्यंतरी पारगावला भाचीकडे गेलो असताना चक्कर आली म्हणून तिथल्या दवाखान्यात नेलं. दंडाला पट्टा बांधणारी नर्स हसून म्हणाली, “मोठे गुरुजी, वळखलं का?” मनीषा होती. आता तिचा मुलगाच चौथीत आहे. रक्तदाब बघून होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली, मग विचारलं की गुरुजी भेटतात का. मी म्हणालो, येडगावला असतात, मुलाजवळ, पण माझी भेट नाही.

“मला माहितीये. मी गेले व्हते एकदा,” ती म्हणाली. “दारापतुर गेले आन् माघारी आले.”

“का गं?”

“त्यांनी परत इचारलं असतं, सागर कुठं बघितला म्हणून.”

“मग खरं सांगायचं होतंस.”

“मग तुमचं नाव घ्यावं लागलं असतं, मोठे गुरुजी.” ती पट्टा सोडत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एवढी वर्षं तिने मला झाकून ठेवलं होतं, आणि आपण काही विशेष केलं असं तिला वाटतही नव्हतं. मी तिचा फोन नंबर मागून घेतला.

परवा मी येडगावला गेलो. गुरुजी ओट्यावर लसूण निवडत बसले होते. समोर धरणाचं पाणी. केस सगळे गेलेत, पण मला बघितल्यावर तसेच गडबडीने उठले. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली, दोघांनी एकमेकांचं ऐकू कमी येतं म्हणून गंमत केली. मग मी सांगितलं. खोलीतलं, जीपमधलं, सगळं, मध्ये न थांबता.

त्यांच्या हातातली लसणीची पाकळी तशीच राहिली. माझी अपेक्षा होती की ते मला चार शब्द सुनावतील. त्यांनी विचारलं, “तिनं मूळचं काय लिहिलं व्हतं?”

त्यांनी एकदा वाचलेलं होतं, पण मनातून पुसून टाकलं होतं. मला मात्र पाठ होतं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. फोडणी ऐकल्यावर ते हसायला लागले. इतके हसले की त्यांची सून बाहेर येऊन बघून गेली. मग हसता हसताच त्यांनी बाहीने डोळे पुसले.

“हेडसर,” ते म्हणाले, “मला वाटलं, वेळ आली तवा पोरगी आपल्या मनानंच पलटली. माझं शिकवणं वरवरचंच राहिलं. तिच्या लग्नाची पत्रिका आली व्हती, मी गेलो न्हाई.”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो.

“तुमची तर हायेच. पण मीबी तिला कुठं इचारलं? जीपमध्ये, तुमच्या मांडीला मांडी लावून बसल्याली असताना. बाजूला घेऊन इचारायला पायजे व्हतं.” त्यांनी लसूण बाजूला सारला. “लावा फोन तिला.”

मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. गुरुजी फोनच्या फार जवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, “मनीषा, मी गुरुजी. मोठे गुरुजी समोर बसल्यात. त्यांनी सांगितलं.”

पलीकडे दवाखान्यातली माणसं बोलत होती, ती ऐकू येत राहिली. मग तिचा आवाज आला, “काय सांगितलं?”

“समदं.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. गुरुजी म्हणाले, “रडू नको. अभ्यास देतो. मोठ्या गुरुजींवर दहा ओळी लिहायच्या. जशा दिसतात तशा. कुणाची भीडभाड ठेवायची न्हाई.”

मी ‘अहो’ म्हणालो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“न बघता कसं लिहू, गुरुजी?” ती म्हणाली. आता तिच्या आवाजात हसू होतं. “आईतवारी मंचरला जाते, नीट बघून घेते, आन् तिथनं तुमच्याकडं येते वाचून दाखवायला.”

आज शनिवार. उद्या ती येणार म्हणून सकाळपासून हे लिहीत बसलोय. सून दोनदा विचारून गेली की जेवायचं नाही का. जेवेन. आधी हे पुरं करून टेबलावर ठेवतो. उद्या तिच्या हातात देणार आहे, आणि एक पेनही देणार आहे, हवं ते खोडायला.